दुसरा वादक कुठे बसलाय?

टॉमी इमॅन्युएल या ऑस्ट्रेलियन गिटारवादकाचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी तो मध्येच थांबवून मागे नेला होता. कारण तसं बावळटच होतं. दुसरा वादक कुठल्या कोपऱ्यात बसलाय, ते मला बघायचं होतं. स्टेजवर एकच माणूस होता आणि त्याच्या गळ्यात एकच गिटार. पण ऐकू येत होते तिघं. एकजण खाली धिम्या आवाजात ठेका धरून चालला होता, एकजण वर गात होता आणि तिसरा मधल्या मोकळ्या जागा भरत होता.

या प्रकाराला फिंगरस्टाइल म्हणतात. बघणारे बहुतेकजण एकच वाक्य बोलतात, "बाप रे, काय स्पीड आहे!" मीही तेच म्हटलं होतं. त्यानंतर काही वर्षं घरच्या गिटारवर हात मोडून घेतल्यावर आता ठामपणे सांगतो, की स्पीडचा यात फारसा संबंध नाही. तेच गाणं निम्म्या वेगानं लावा, तरी तिघं ऐकू येतातच. गंमत दुसरीकडे आहे. ती कळली, की हे वादन ऐकण्यातली मजाही वाढते आणि त्यातलं थोडंफार आपल्या हातात उतरण्याची शक्यताही तयार होते.

आपल्याकडे गिटार म्हटली की कॉलेजचं गॅदरिंग, नाहीतर गडावरच्या मुक्कामातली शेकोटी. डाव्या हातानं कॉर्ड धरायची, उजव्या हातानं सगळ्या तारांवरून खाली-वर झाडू मारायचा, आणि गायचं आपण. म्हणजे गाणं गळ्यात आणि गिटार साथीला. फिंगरस्टाइलमध्ये गळा रजेवर असतो. गायचं गिटारनं आणि साथही तिनंच करायची. त्यासाठी सहा तारांची वाटणी होते. जाड तीन तारा, म्हणजे सहावी, पाचवी आणि चौथी, अंगठ्याच्या ताब्यात. बारीक तीन तारा तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्याकडे. ही वाटणी काही दगडावरची रेघ नाही, टॉमीसारखी माणसं ती हवी तेव्हा मोडतात. पण सुरुवात इथून होते.

अंगठ्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक मात्रेला एक जाड तार छेडायची, आलटून पालटून. एक खालची, एक वरची, पुन्हा एक खालची, पुन्हा वरची. याला अल्टरनेटिंग बेस म्हणतात. पियानोवर डावा हात जे 'धुम्-चक्, धुम्-चक्' करतो, तेच हे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॅगटाइम नावाचं पियानोसंगीत जोरात होतं. त्यातला हा डावा हात गिटारवाल्यांनी उचलून अंगठ्यात बसवला.

आता कानाचा घोटाळा कसा होतो ते बघू. सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर लागते आणि सगळ्यात बारीक ३३० च्या आसपास. म्हणजे चौपट, आपल्या हिशोबानं दोन सप्तकांचं अंतर. इतक्या लांबचे दोन आवाज एकाच गळ्यातून येत असतील असं कानाला सहसा वाटत नाही. त्यात वादक आणखी एक चलाखी करतो. उजव्या तळहाताची मनगटाजवळची कड तो घोडीपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, जाड तारांवर अगदी हलकी टेकवतो. त्यामुळे त्या तारा घुमत नाहीत, 'ठुम्' करून लगेच विझतात. बारीक तारांना मात्र हात लागत नाही, त्या लांबपर्यंत गात राहतात. आता खालचा आणि वरचा आवाज नुसता उंचीनं नाही, जातीनंही वेगळा झाला. वाद्य एकच, पण एक बाजू ढोलकीसारखी बोलते आणि दुसरी व्हायोलिनकडे झुकते. भर म्हणून खालचा ठेका घड्याळासारखा नियमित आणि वरची चाल मोकळी. कान निष्कर्ष काढतो, की ही माणसं दोन आहेत.

खरं तर कुठलाही एक क्षण पकडलात, तर बहुतेकदा एक किंवा दोनच तारा छेडल्या जात असतात. तिसरा माणूस जवळपास पूर्णपणे आपल्या कानानं बसवलेला असतो. मला ही गोष्ट कळली तेव्हा थोडी निराशा झाली होती, जादूगाराच्या बाहीतला पत्ता दिसावा तशी. नंतर उलट वाटलं. इतक्या कमी सुरांत इतकं भासवायचं, म्हणजे कुठला सूर गाळायचा याची अक्कल किती हवी!

मग अवघड काय आहे? अवघड आहे ते अंगठ्याला विसरणं. पेटीवाल्याकडे बघा. एका हातानं भाता चालू असतो, दुसरा हात पट्ट्यांवर. "भाता आता किती दाबू?" असा विचार तो करत नाही. तो हात आपला आपला चालतो आणि लक्ष सगळं सुरांवर. नवीन शिकणाऱ्याचा भाता मात्र सूर अवघड आला की थबकतो. गिटारवर अंगठ्याचं तेच होतं. नुसता अंगठा चालवा, छान चालतो. वर एखाद्या बोटानं एक तार छेडली, की अंगठा त्या बोटाच्या मागे धावतो, नाहीतर सरळ संप करतो. डोक्याला दोन कामांवर एकाच वेळी लक्ष देता येत नाही. म्हणून त्यातलं एक काम लक्षाच्या बाहेर ढकलावं लागतं. ते काम अंगठ्याचं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ही विद्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी गेली, त्यातच ती शिकायची कशी याचं उत्तर आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा पश्चिम भाग कोळशाच्या खाणींचा. तिथे अर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक कृष्णवर्णीय वादक होता, जन्म १८८६ चा. खाणीत काम करायचा आणि गावोगाव नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. १९३१ मध्ये तो गेला. पण त्याचं वाजवणं ज्यांनी पाहिलं, त्यांच्या हातात ते राहिलं. केनेडी जोन्सकडे ते आलं, तिथून मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या दोघांकडे. हे दोघंही खाणीत राबलेले. त्यांच्याकडे बघत बघत शिकला तो मर्ल ट्रॅव्हिस, जन्म १९१७. या पद्धतीला आज जगभर 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात. शुल्ट्झचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. ज्याचं रेकॉर्ड निघालं त्याच्या नावावर शैली चढली. हे आपल्यालाही नवीन नाही.

मर्ल ट्रॅव्हिस वाजवायचा फक्त अंगठा आणि तर्जनी यांनी. दोनच बोटं. अंगठ्यात थंबपिक, म्हणजे सतारवाल्याच्या तर्जनीत जशी मिजराब असते, तसं अंगठ्यात घालायचं प्लास्टिकचं कडं. १९३९ च्या सुमारास त्याचं वादन सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या ताकदवान रेडिओ केंद्रावरून ऐकू यायचं. आणि तिकडे जॉर्जिया राज्यात पंधरा वर्षांचा, दम्यानं बेजार असलेला एक मुलगा रेडिओला कान लावून बसायचा. त्याचं नाव चेट ॲटकिन्स.

चेटला ट्रॅव्हिस दिसत नव्हता. फक्त ऐकू येत होता. अंगठा ठेका धरतोय हे त्यानं ओळखलं. पण वरचं एवढं सगळं एका तर्जनीनं कोण वाजवेल? त्यानं गृहीत धरलं, की अंगठ्याबरोबर बाकीची बोटंही कामाला असणार. तसं समजून तो घासत बसला आणि अंगठा व तीन बोटं अशी स्वतःची पद्धत त्यानं घडवली. अंदाज चुकला होता. पण त्या चुकीतून हाताला दोन जादा बोटं मिळाली आणि ट्रॅव्हिसला न जमणाऱ्या कितीतरी गोष्टी चेटला जमू लागल्या. पुढे तो नॅशव्हिलचा सगळ्यात मोठा वादक झाला आणि आरसीए या रेकॉर्ड कंपनीत बसून गाण्यांचा बाजही त्यानंच ठरवला. त्या दिवसांत यूट्यूब असतं आणि चेटनं ट्रॅव्हिसचा हात जवळून बघितला असता, तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता तिसरी पिढी. टॉमी इमॅन्युएल १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या मसलब्रुकला जन्मला. चार वर्षांचा असताना हातात गिटार आली. आई लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची गिटार वाजवायची, तिला साथ द्यायला पोरगा हवा होता, म्हणून तिनंच कॉर्ड शिकवल्या. वडिलांनी पोरांचा वाद्यवृंद काढला, घर विकलं, आणि सगळं कुटुंब दोन स्टेशन वॅगन गाड्यांमध्ये राहून देशभर कार्यक्रम करत फिरलं. आपल्या तमाशाच्या फडासारखंच बिऱ्हाड. सात वर्षांचा असताना, १९६२ मध्ये, टॉमीनं रेडिओवर चेट ऐकला. पुन्हा तेच. माणूस दिसत नाही, फक्त आवाज. स्वरलिपी त्याला तेव्हा वाचता येत नव्हती आणि आजही तो सगळं कानानंच करतो. त्यानं चेटला पत्र लिहिलं. पुढे चेटचं उत्तर आलं, कधीतरी येऊन भेट म्हणून. प्रत्यक्ष भेट झाली १९८० मध्ये नॅशव्हिलला. १९९७ मध्ये दोघांनी मिळून अल्बम केला.

चेट स्वतःच्या नावापुढे गमतीनं 'सीजीपी' अशी पदवी लावायचा. सर्टिफाइड गिटार प्लेअर. कुठल्याही विद्यापीठाची नाही, स्वतःच छापलेली. त्याच्या हयातीत ती त्यानं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच लोकांना दिली. टॉमीला मिळाली १९९९ मध्ये. दोन वर्षांनी चेट गेला.

तर मुद्दा असा, की या परंपरेतली एकही मोठी उडी सराव-पुस्तकातून आलेली नाही. जवळ बसून किंवा रेडिओला चिकटून, कानानं वेगळं करत करत ती आली आहे. आपल्याला त्यांच्यापेक्षा कितीतरी सोयी आहेत. पूर्वी मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकडीला १६ वर लावून ऐकायचे. वेग निम्मा व्हायचा, पण सूरही एक सप्तक खाली घसरायचे. आता मोबाइलवर वेग निम्मा केला तरी सूर जागेवर राहतो. ही सोय वापरायची ती नक्कल करण्यासाठी नाही, थर वेगळे करण्यासाठी. एक तुकडा घ्या, दहा-पंधरा सेकंदांचा. पहिल्यांदा फक्त अंगठा ऐका, वरचं गाणं वाजतच नाहीये असं समजून. दुसऱ्यांदा फक्त गाणं ऐका आणि ते गुणगुणा. तिसऱ्यांदा एवढंच बघा, की गाण्याचा कुठला सूर अंगठ्याबरोबर पडतो आणि कुठला दोन ठेक्यांच्या मध्ये. हे तिसरं ऐकणं सगळ्यात कामाचं. सगळे सूर अंगठ्याबरोबर पडले, तर गाणं शाळेतल्या कवायतीसारखं ऐकू येतं. काही सूर अर्धी मात्रा आधी उडी मारतात, तेव्हा ते डोलायला लागतं. आपले भावगीत गाणारे शब्द ठेक्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे टाकतात, तोच प्रकार.

आता हातात. सी कॉर्ड धरा, सगळ्यांना येते ती. अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट), मधलं बोट चौथीच्या दुसऱ्यावर, तर्जनी दुसरीच्या पहिल्यावर. अंगठा असा चालवा: पाचवी, चौथी, सहावी, चौथी. चार मात्रा, चार ठोके, मग पुन्हा तेच. सी हा षड्ज मानला, तर मोकळी सहावी तार गंधार देते, त्यामुळे ती खटकत नाही. सवय झाली की अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नेऊन पंचम घ्यायचा. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. दुसरं काहीही वाजवू नका.

किती दिवस? माझी कसोटी घरगुती आहे. अंगठा चालू असताना आई दुधाचा हिशोब विचारते. "मंगळवारी किती घेतलं होतं? दीड की दोन?" उत्तर देताना अंगठा अडखळला, तर तो अजून डोक्यातच आहे. हिशोब बरोबर सांगून ठेका तसाच राहिला, तर अंगठा हातात उतरला. मला याला अकरा दिवस लागले आणि दुधाच्या हिशोबात दोनदा चूक झाली. मी पूर्वी ज्या क्लासला जायचो, तिथे हे कुणी करून घेतलंच नव्हतं. दर शनिवारी एक नवीन सिनेमाचं गाणं, तेही स्ट्रमिंगवर. वर्षभरात चाळीस गाणी झाली आणि अंगठा जिथल्या तिथे.

अंगठा सुटला, की गाणं घ्या. ती सी कॉर्ड न सोडता हाताखाली काय काय येतं ते बघा. दुसऱ्या तारेवर तर्जनी आहे तो षड्ज. त्याच तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी टाकली की रिषभ. पहिली तार मोकळी, गंधार. पहिलीच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी, पंचम. खाली तिसरी तार मोकळी, मंद्र पंचम. आणि करंगळी जरा आखडून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर नेली, तर मंद्र धैवत. सा, रे, ग, प, ध. म्हणजे एका कॉर्डमध्ये भूप बसलाय, मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत. हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. एका दुपारी करंगळी इकडेतिकडे फिरवताना लक्षात आलं आणि त्या दिवशी जेवायचं राहिलं.

आधी प्रत्येक सूर अंगठ्याच्या ठोक्याबरोबर चिमटा घेतल्यासारखा एकदम वाजवा. ते जमलं की एकच सूर, फक्त एकच, मात्रेच्या मध्ये सरकवा. उदाहरणार्थ तिसऱ्या मात्रेवरचा गंधार अडीचवर. अंगठा तिथे धडपडणार हे नक्की. धडपडला की वेग कमी करा, सूर वाढवू नका. एक सरकवलेला सूर पक्का बसला, की पुढचे त्या मानानं लवकर बसतात.

तळहाताची कड टेकवायची ती यानंतर. फार दाबली तर जाड तारा नुसत्या ठक्-ठक् करतात, सूर कळत नाही. घोडीपासून थोडी जरी पुढे सरकली, तरी तसंच होतं. कड घोडीवरच अर्धी आणि तारांवर अर्धी, इतपत. थंबपिकचं म्हणाल, तर पहिले काही दिवस ते अंगठ्यात घातलं की आपला हात परक्याचा वाटतो आणि बेस बाकी सगळं झाकून टाकतो. ते नंतर घेतलं तरी चालतं. टॉमीच्या गिटारवर खालच्या बाजूला रंग उडून लाकूड दिसायला लागलंय, कारण तो गिटारचा ढोल करून वाजवतो. ते करायला जाऊ नका. निदान गिटारचे पैसे वडिलांनी दिले असतील तर.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेट आणि टॉमी मध्येच गिटारमधून वीणेसारखे झरझर स्वर काढतात, जणू कुणी वरून घुंगरं सांडली. ती चेटची करामत. लेनी ब्रो नावाच्या कॅनडातल्या वादकानं ती आणखी पुढे नेली, आणि त्यामागचं विज्ञान आपल्या तानपुऱ्यात आहे. तानपुरा नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. कुठलीही तार अख्खी हलते, त्याच वेळी निम्म्यात, तिहाईत, पाव भागातही हलत असते. तिच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवलं, तर अख्ख्या तारेचं हलणं थांबतं आणि निम्म्याचं उरतं. म्हणजे एक सप्तक वरचा, काचेसारखा स्वच्छ सूर. गिटारवर हा मध्य बाराव्या फ्रेटवर येतो.

डावा हात मोकळा सोडा. उजव्या तर्जनीचं टोक सहाव्या तारेवर, बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या अगदी वर टेकवा. दाबू नका. त्याच हाताच्या अंगठ्यानं ती तार मागून छेडा आणि बोट लगेच उचला. हा झाला एक काचेचा सूर. आता अनामिकेनं तिसरी तार साधीच छेडा. मग पाचवी काचेची, दुसरी साधी. मग चौथी काचेची, पहिली साधी. सहा सूर झाले आणि ते चढत्या क्रमानं आले, जरी हात जाड-बारीक, जाड-बारीक अशा उड्या मारत होता. पहिल्या सुराला षड्ज म्हणा आणि म्हणून बघा: सा, कोमल ग, म, प, कोमल नि, वरचा सा. धानी रागाचे स्वर. गिटार जशी लावलेली असते तशीच, डाव्या हाताचं एकही बोट न लावता.

माझे पहिले पन्नासेक प्रयत्न नुसते 'फट्' असे विझले. तर्जनी पट्टीच्या अलीकडे पडत होती, दोन फ्रेटच्या मधल्या जागेत, जिथे एरवी सूर दाबायची सवय असते. बोट थेट पट्टीवर आणलं तेव्हा सहावी तार बोलली. पाचवी अजून तीनातून एकदा बोलते. भूप ७२ वर नीट जातो, ८० ला अंगठा तर्जनीच्या मागे पळतो. गेला आठवडा ७६ वर आहे.